चौदा नंबरचा डबा

३ मार्च, मंगळवार

खारूताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडायला घेतलं असशील, तर दोन मिनिटं थांब. फाडायचं ते वाचूनही फाडता येतं. न वाचता फाडलंस तर मला आणखी एक लिहावं लागेल, आणि माझं अक्षर कसं आहे ते तुला ठाऊक आहे. निदान पोस्टमनची तरी दया येऊ दे.

तुझा पत्ता आत्याने दिला. चार वर्षं मी तिच्या मागे लागलो होतो. दिला तोही अट घालून. म्हणाली, "दादा, पत्ता देते. पण तिचं लग्न झालं का, नोकरी कुठे आहे, तब्येत कशी आहे, यातलं एक अक्षर मला विचारायचं नाही. ज्याचं त्याला विचारावं." माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटी, पण बोलते माझ्या आजीसारखी.

मी बरा आहे. मीटर वाचायची नोकरी मागच्या वर्षी संपली. एकतीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन विजेचे आकडे टिपले. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते महिन्याभरात बंद पडलं. मग घर खायला उठलं. म्हणून सकाळचं एक काम धरलंय. नगरपालिकेचं आहे, मोकळ्या हवेतलं, हिंडण्या-फिरण्याचं. तुझ्या गल्लीवरूनही कधीमधी जाणं होतं. योगायोग म्हणायचा.

झालेल्या गोष्टीवर मी फार लिहीत नाही. तुझी आई नऊ दिवस दवाखान्यात होती आणि तुला ती गेल्यावर कळलं, याचा राग तुला आहे. असायचाच. पण तुझी शेवटच्या वर्षाची परीक्षा अकरा दिवसांवर आली होती, आणि तुला कळवू नये ही तुझ्या आईचीच इच्छा होती. मी तिचा शब्द पाळला, एवढाच माझा गुन्हा.

उत्तर पाठवलंस तर बरं वाटेल. माझा पत्ता तोच आहे, फक्त दाराचा रंग बदललाय.

तुझा,
बाबा


२४ मार्च, मंगळवार

खारूताई,

उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. मी त्यातलं दुसरं धरून बसलोय.

कामाबद्दल मागच्या वेळी जरा झाकून लिहिलं. आता सांगून टाकतो: मी खरकट्याच्या गाडीवर आहे. तुमच्याकडे प्रत्येक घराला झाकणाचा डबा दिलाय ना, उरलंसुरलं अन्न, साली, चहाचा चोथा टाकायला? मंगळवारी सकाळी फुटपाथच्या कडेला ठेवलेला तो डबा उचलून गाडीत उपडा करणारा माणूस म्हणजे मी. तिथून ते सगळं गावाबाहेरच्या कारखान्यात जातं. त्याचा गॅस होतो आणि उरलेल्याचं खत. हसू नकोस. हसलीस तर हस, मला कुठे दिसतंय.

गाडी एक बाई चालवते. पन्नाशीची आहे, आवाज भोंग्यासारखा. भोंगा बिघडला तेव्हा आठवडाभर तिने नुसतं ओरडून काम भागवलं. मी तिला ड्रायव्हरबाई म्हणतो, ती मला मीटरकाका.

तर सांगायचं हे, की तुझी आनंदाची बातमी मला कळली आहे. कुणी चुगली केली नाही. आत्याला बोल लावू नकोस. तुझ्या डब्यावरून कळलं. तुझा चौदा नंबर आणि शेजारचा सोळा, दोघांचे डबे एकाच विजेच्या खांबापाशी असतात. नंबराचे कागद धुऊन धुऊन गेलेत, पण मला ओळखायला किती वेळ? एका डब्याच्या दांडीला चिंधी गुंडाळलेली आहे. चिंधी! तुझी आई घरातल्या प्रत्येक दांडीला चिंधी गुंडाळायची, छत्रीलाही सोडलं नाही तिने. आईची लेक ती.

त्या डब्यात गेले काही आठवडे काय निघतंय माहीत आहे ना? उकडून कुस्करलेलं गाजर. कुस्करलेलं केळं. मऊ भाताचे दोन घास, बाकी थुंकलेले. मी झाकण हातात धरून तसाच उभा राहिलो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, मी तर शितावरून आजोबा झालो.

किती महिन्यांचं आहे? मुलगा की मुलगी? माझा अंदाज सात महिने, आणि मुलगी. गाजर थुंकते म्हणजे मुलगीच. तूही थुंकायचीस, माझ्या शर्टवर नेम धरून.

बाबा


२१ एप्रिल, मंगळवार

खारूताई,

काय आहे, माणूस एकदा खरं बोलायला लागला की मागचं खोटं टोचायला लागतं. तुझ्या गल्लीवरून जाणं हा योगायोग नव्हता. आत्याने पत्ता दिला त्याच आठवड्यात मी मुकादमाकडे जाऊन तो रस्ता मागून घेतला. त्याला कारण सांगितलं, गुडघे दुखतात, तिकडे चढ नाही. चढ आहे. चांगलाच आहे.

पण मी तुला त्रास द्यायला येत नाही. सव्वासहाला आमची गाडी येते तेव्हा तुझे पडदे बंद असतात. मी डबा रिकामा करतो, कडी नीट लावून परत ठेवतो, चिंधी सैल झाली असली तर आवळतो, आणि पुढे जातो.

आता जरा आजोबा म्हणून बोलतो. गाजर फार घट्ट करता तुम्ही लोक. थोडं पाणी घाला. आणि अंड्याचं पिवळं निम्मं टाकून दिलेलं दिसलं. घाई करू नका, एकेक चव आठवडाभर द्यावी. तुझे यजमान चहा फार पितात वाटतं, चोथा पाहून सांगतो.

तुला बरं वाटावं म्हणून शेजारची गंमत सांगतो. सोळा नंबरमध्ये कोण राहतं ते तुला माहीत असेलच. मी त्या माणसाला कधी पाहिलं नाही, पण ओळखून आहे. एकटा जीव. आठवडाभराचं बघशील तर ब्रेडच्या कडा, चहाचा चोथा, एका अंड्याचं टरफल. उभ्याउभ्या खाणारा माणूस. आणि मध्येच काय झटका येतो कुणास ठाऊक, अख्खा स्वयंपाक करतो. भात, भाजी, सगळं व्यवस्थित. आणि चमचाही न लावता तसाच्या तसा डब्यात! तिघं जेवतील एवढं. मी ड्रायव्हरबाईला म्हटलं, "बघा, अन्नाचा माज."

ती म्हणाली, "काका, डबा उपडा करायचा असतो, वाचायचा नसतो."

मी म्हटलं, "एकतीस वर्षं मीटर वाचले. आकड्यावरून सांगायचो, या घरात कोण आजारी आहे, कुणाकडे पाहुणे आलेत."

"आणि बरोबर निघायचं?"

"निघायचंच."

"विचारलंत कधी कुणाला?"

विचारायची पद्धत नव्हती. आकडा टिपायचा, जिना उतरायचा.

तिला घरचं काही माहीत नाही, नाहीतर आणखी लागेल असं बोलली असती. तुझ्या आईच्या बाबतीतही मी आकडे बघूनच ठरवलं होतं. ताप उतरत होता, डॉक्टरही मान डोलावत होते. आणि तिची इच्छा तर होतीच, तुला परीक्षेतून उठवू नये अशी. ते मी लिहिलंच आहे.

एक ओळ लिही. नावापुरती. बाळाचं नाव लिहिलंस तरी मला पुरे.

बाबा


१२ मे, मंगळवार

खारूताई,

आज सलग दुसरा मंगळवार, तुझा डबा बाहेर नाही.

मागच्या वेळी मी मनाची समजूत घातली, की विसरलात. लहान मूल असलेल्या घरात वारच लक्षात राहत नाहीत. पण आज पुन्हा खांबापाशी एकच डबा, सोळा नंबरचा. उघडला तर पुन्हा तेच, पातेलंभर अन्न, न शिवलेलं. मला इतका संताप आला म्हणून सांगू. इथे एका घरातलं लेकरू काय दुखण्यात आहे देव जाणे, आणि शेजारी हे थेर.

बाळाला बरं नाही का? दवाखान्यात आहात का? खारूताई, दवाखान्यात असाल तर मला कळव. मला कळवणं तुझ्यावर बंधनकारक नाही हे मला कळतं. त्या बाबतीत मला तोंड नाही हेही कळतं. तरी कळव.

मी गाडीवरून उतरून तुझ्या दाराकडे बघत राहिलो. ड्रायव्हरबाई खिडकीतून ओरडली, "अहो वाजवा ना दार! हात मोडलाय का?" तेव्हा तिला सगळं सांगितलं, रस्त्यात उभं राहून. तिने गाडी बंद केली. म्हणाली, "मी थांबते. मागच्यांना वाजवू दे भोंगे."

आठ पावलं होती. मी चार गेलो आणि परत आलो. सांगायला म्हणून सांगतो की मागे गाड्या खोळंबल्या होत्या. दोनच होत्या.

सोबत एक चमचा पाठवतोय. तुझा आहे. दांडीवर तुझ्या दातांच्या खुणा आहेत. तुझ्या आईने तुला पहिला घास यानेच भरवला. आता जिला लागेल तिला दे.

बाबा


१८ मे, सोमवार

बाबा,

तुमची चारही पत्रं मिळाली. पहिलं न उघडता ठेवलं होतं. दुसऱ्यानंतर दोन्ही वाचली.

मला बाळ नाही. माझं लग्न झालेलं नाही. मी इथे एकटी राहते.

चिंधीवाला डबा शेजारच्यांचा आहे, सोळा नंबरचा. त्याची दांडी तडकली आहे, हाताला लागते म्हणून त्यांनी बांधली. त्यांना मुलगा आहे, नऊ महिन्यांचा. गाजर त्याला आवडत नाही, एवढं तुमचं बरोबर आहे. ते लोक पंधरा दिवस बाळाच्या आईच्या माहेरी गेले होते, काल आले. सगळे ठीक आहेत.

दुसरा डबा माझा.

म्हणजे एकटा जीव, ब्रेडच्या कडा, उभ्याउभ्या खाणं, ते सगळं माझं. तुम्ही अचूक ओळखलंत. गेल्या वर्षात मला इतकं बारकाईने कुणी पाहिलं नव्हतं. तिसरं पत्र वाचून मी हसले आणि मग कामावर गेले नाही.

माज नाही तो. मला स्वयंपाक आईनेच शिकवला आणि आईचं माप तिघांचं. मला कमी करता येत नाही. कधीतरी ठरवते, आज नीट जेवायचं. करते, ताट वाढते, आणि मग बसवत नाही. दोन दिवस ठेवते, तिसऱ्या दिवशी टाकते. हे नेहमी होत नाही. आता कमी झालंय.

तुम्ही तीन महिने दर आठवड्याला माझ्या दारात आलात. हे कळल्यावर काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. राग आला. तुम्ही आठ पावलं आला नाहीत याचा जास्त आला.

मी लिहितेय ते एका गोष्टीसाठी. दोन पत्रांत तुम्ही म्हणता, मला कळवू नये ही आईची इच्छा होती. चार वर्षांपूर्वीही हेच म्हणाला होतात. आई मला चप्पल तुटली तरी फोन करून सांगायची. ती असं म्हणाली असेल हे मला कधीच पटलं नाही.

ती खरंच म्हणाली होती का? हो किंवा नाही, एवढंच लिहा. तुमचा अंदाज नको.

चमचा ठेवून घेतलाय.


२१ मे, गुरुवार

पोरी,

नाही.

ती तसं म्हणाली नव्हती. हो किंवा नाही एवढंच लिही म्हणालीस, ते लिहिलं. पुढचं वाचायचं की नाही ते तू ठरव.

पहिल्याच संध्याकाळी ती म्हणाली, "पोरीला कळवा." मी म्हटलं, परीक्षा आहे, दोन दिवस बघू. तिसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, कळवलंय. सहाव्या दिवशी तिने विचारलं, "कधी निघतेय ती?" मी म्हटलं, शेवटचा पेपर झाला की लगेच. ती म्हणाली, "बरं." मग तिने नर्सला सांगून खाट फिरवून घेतली, दार दिसेल अशी. शेवटचे तीन दिवस ती दाराकडे तोंड करून होती.

मला वाटलं होतं ती घरी येणार. खरंच वाटलं होतं. ताप उतरत होता. मी मनात सगळं मांडूनही ठेवलं होतं: तू पास होऊन येशील, ती दारात उभी असेल, आणि आपण तिघं हसू की बघा कसं गुपचूप पार पाडलं. मला त्याबद्दल शाबासकी मिळेल असंही वाटलं होतं. तू आलीस तेव्हा तिची खोलीसुद्धा आवरून झाली होती, आणि तू विचारलंस, "का नाही कळवलंत?" तेव्हा तोंडातून निघून गेलं की तीच नको म्हणाली. एकदा निघाल्यावर ते परत घेता आलं नाही. मेलेल्या माणसावर ढकललं. ती काय उठून सांगणार होती.

हे मी आत्यालाही सांगितलेलं नाही. पण तिला संशय असावा. उगाच नाही ती मला एक अक्षरही सांगायला तयार नव्हती.

तू लिहिलेलं मी मंगळवारपासून वाचतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. शेजारच्या लेकराच्या गाजरावर मी रडलो, आणि माझी पोर उपाशी होती त्यावर हसलो. माज म्हणालो. त्या शब्दाची मला लाज वाटतेय. तू तिघांचं रांधून, ताट वाढून न जेवता राहत होतीस, आणि मी बाहेर झाकण उघडून शेरे मारत होतो.

परवा मंगळवारी तुझं पत्र यायच्या आधी, सकाळी, दोन्ही डबे खांबापाशी होते. चिंधीवाल्यात काय आहे ते बघायला मी असा लगबगीने गेलो, की तुझा डबा लाथेने कलंडला. सावरून ठेवला आणि त्यात बघितलंही नाही. दुपारी घरी आलो तर तुझं पत्र आलेलं.

मुकादमाकडे जाऊन आलो. त्याला म्हटलं, रस्ता बदलून द्या. त्याने कारण विचारलं. या वेळी खरं सांगितलं. तो म्हणाला, "आधी तिला विचारून या, मग सांगा." सगळं जग मला हेच सांगतंय आणि मी एकसष्ट वर्षांचा झालो.

तर विचारतो. दोन गोष्टी.

मी हा रस्ता सोडू का?

आणि मी तुझ्या दारी येऊन दार वाजवू का? गाडीवरून नव्हे. धुतलेल्या हातांनी, तू म्हणशील त्या दिवशी. नको म्हणालीस तर येणार नाही, आणि खांबापाशी उभाही राहणार नाही.

तू काय उत्तर देशील याचा मी खूप अंदाज केला. सगळे चुकीचे असतील असं धरून पत्र टाकतोय.

बाबा


२९ मे, शुक्रवार

बाबा,

खाट फिरवल्याचं वाचून पुढे तीन दिवस मी तुमचं पत्र हातात घेतलं नाही. आत्याला फोन केला. ती खूप रडली, मग तुम्हाला खूप बोलली, मग म्हणाली, दादाला सांगू नकोस मी रडले ते.

रस्ता सोडू नका. शेजारचे म्हणतात, तुम्ही आल्यापासून डबे वेळेवर आणि धुतल्यासारखे परत मिळतात. पण माझ्या डब्यात बघायचं नाही. काय खाते ते मी सांगेन, विचारलंत तर.

रविवारी अकरा वाजता या. दार वाजवा. मी आतच असेन, तरी लगेच उघडेन असं धरून चालू नका. दुसऱ्यांदा वाजवा.

माफ केलं असं ठरवून येऊ नका. मी अजून ठरवलेलं नाही. त्या नऊ दिवसांतला एकेक दिवस मला तुमच्या तोंडून ऐकायचाय, ती काय बोलली, काय जेवली, दाराकडे बघताना काय म्हणायची, सगळं. मध्ये मी उठून गेले तर बसून राहा. मी परत येईन.